विलीन न झालेलं संस्थान : ब्रुनेईची ओळख

शहापूर सांगली संस्थानात होतं, हे बेळगावातल्या जुन्या माणसांना अजून तोंडपाठ आहे. ८ मार्च १९४८ ला सांगली मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तो विषय तिथेच संपला. दक्षिण चीन समुद्राच्या काठावर, बोर्निओ बेटाच्या उत्तर बाजूला, असंच एक संस्थान होतं. तिथेही इंग्रजांचा रेसिडेंट बसायचा. १९०६ च्या करारानं सुलतानांना धर्माचा विषय सोडून बाकी सगळ्या कारभारात त्याचा ‘सल्ला’ घ्यावाच लागायचा. म्हणजे आपल्याकडच्या राजेसाहेबांची जी गत, तीच तिथेही. १९६३ मध्ये शेजारी मलेशियाचं संघराज्य उभं राहिलं, तेव्हा विलीनीकरणाच्या वाटाघाटी थेट शेवटच्या टप्प्यापर्यंत गेल्या. पण सुलतानांनी सही केली नाही. मलेशियातल्या इतर सुलतानांच्या रांगेत आपला मान कितवा, हा वाद होता. पण खरा अडलेला मुद्दा होता तेलाचा पैसा कुणाच्या तिजोरीत जाणार हा. ते संस्थान आजही संस्थानच आहे. त्याचं नाव ब्रुनेई दारुस्सलाम.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. बेळगाव जिल्हा साधारण १३,४०० चौरस किलोमीटरचा, तर अख्खा ब्रुनेई देश ५,७६५ चौरस किलोमीटरचा. लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या एकट्या बेळगाव शहराहूनही कमी. इतक्या माणसांत स्वतःची विमान कंपनी, स्वतःचं सैन्य, स्वतःचं चलन आणि संयुक्त राष्ट्रांत एक खुर्ची.

नकाशा उघडलात तर पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती ही की देशाचे दोन तुकडे आहेत आणि मध्ये मलेशियाची पाचर घुसली आहे. ही पाचर म्हणजे लिंबांग. एके काळी ब्रुनेईच्या सुलतानांचा अंमल बोर्निओच्या बऱ्याच किनाऱ्यावर होता. १८४१ मध्ये जेम्स ब्रुक नावाचा इंग्रज शेजारच्या सारावाकचा (आज मलेशियातलं राज्य) ‘राजा’ झाला आणि त्याच्या घराण्यानं पुढची पन्नास वर्षं एकेक नदीखोरं तोडून घेतलं. शेवटचा घास १८९० चा, लिंबांग. गंमत अशी की दोनच वर्षं आधी, १८८८ मध्ये, ब्रुनेई इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेला होता. संरक्षण कुणापासून, हे विचारायची सोय नव्हती. सीमा कागदावर कशी पडते आणि माणसं कुठल्या बाजूला राहतात, हे निपाणी-खानापूरकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

या पाचरीचा रोजच्या जगण्यातला त्रास परवापरवापर्यंत होता. ब्रुनेईचे चार जिल्हे : ब्रुनेई-मुआरा, तुतोंग, बेलाइत आणि तेम्बुरोंग. पहिले तीन एकसलग, चौथा पाचरीपलीकडे. राजधानी बंदर सेरी बेगावानहून तेम्बुरोंगला गाडीनं जायचं तर ब्रुनेईतून बाहेर, मलेशियात आत, मलेशियातून बाहेर, पुन्हा ब्रुनेईत आत, अशा चार खिडक्यांवर पासपोर्ट दाखवायचा. तेही आपल्याच देशातल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाताना. नाहीतर खारफुटीतून सुसाट जाणारी लाँच. मार्च २०२० मध्ये सुमारे ३० किलोमीटर लांबीचा पूल खाडीवरून थेट तेम्बुरोंगला नेला आणि चारही खिडक्या टळल्या. तेम्बुरोंगची वस्ती जेमतेम दहा हजारांची. तेवढ्यासाठी एवढा पूल परवडतो, याचं उत्तर पुढे तेलाच्या हिशोबात आहे.

तेल लागलं १९२९ मध्ये, पश्चिमेकडच्या बेलाइत जिल्ह्यात, सेरिया इथे, किनाऱ्यालगतच्या दलदलीत. आजही सेरियात घरांच्या, रस्त्यांच्या कडेला मान खालीवर करणारे पंप चालू दिसतात. विहिरीतला दाब ओसरला की तेल आपोआप वर येत नाही. मग लांब दांडा विहिरीत सोडून त्याच्या टोकाच्या झडपेनं तेल हिसके देत वर ओढावं लागतं. तेच काम हे पंप करतात. सेरियाच्या एकट्या क्षेत्रातून एक अब्जावं पिंप निघालं, त्याचं स्मारक १९९१ मध्ये समुद्रकाठी उभं केलं आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी इथे उतरले ते या तेलासाठीच. डिसेंबर १९४१ मध्ये इंग्रजांनी जाताना विहिरी निकामी केल्या, १९४५ मध्ये जपान्यांनी जाताना पेटवल्या.

पण आजचा खरा पैसा जमिनीवरचा नाही, समुद्रातला आहे. १९६३ मध्ये साउथ वेस्ट आम्पा हे समुद्रातलं क्षेत्र सापडलं आणि तेलापेक्षा तिथला वायू जास्त मोलाचा ठरला. वायू पिंपात भरून पाठवता येत नाही. तो उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि त्याचं आकारमान सहाशे पटीनं घटतं. मग तो खास जहाजांतून जातो. लुमुत इथला हा कारखाना सरकार, शेल आणि मित्सुबिशी यांच्या भागीदारीत उभा राहिला आणि १९७२ मध्ये तिथून पहिलं जहाज जपानला रवाना झालं. जपानशी केलेले वीस-वीस वर्षांचे करार म्हणजे ब्रुनेईची ठेव पावती होती. तेल काढणारी मुख्य कंपनी ब्रुनेई शेल पेट्रोलियम, तिच्यात सरकार आणि शेल निम्मे-निम्मे. तेल कंपन्यांना नफ्यावर ५५ टक्के कर. म्हणजे भागीदार म्हणून एकदा आणि कर म्हणून पुन्हा एकदा, असा दुहेरी वाटा सरकारकडे येतो.

आता उतार लागला आहे, हेही खरं. १९७९ च्या सुमाराला रोज अडीच लाख पिंपांच्या घरात असलेलं उत्पादन आज एक लाखाच्या आसपास, कधी त्याहून खाली घुटमळतं. जुन्या विहिरी, समुद्रातले जुने फलाट, दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागणारी यंत्रणा. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले तेव्हा सलग काही वर्षं अर्थव्यवस्था आकसली. त्यावर उपाय म्हणून पुलाऊ मुआरा बेसार या बेटावर चीनच्या हेंगयी कंपनीची रिफायनरी आली, २०१९ च्या अखेरीस सुरू झाली. वर्षाला ८० लाख टन कच्चं तेल शुद्ध करायची तिची क्षमता. पण त्यातलं बरंचसं कच्चं तेल बाहेरूनच आणावं लागतं. तेलावरचं अवलंबन कमी करायला पुन्हा तेलाचाच धंदा काढला, याला काय म्हणावं ते वाचकांनी ठरवावं.

एक फायदा मात्र न मागता झाला. पैसा समुद्रातून येत असल्यामुळे जंगल तोडायची गरज पडली नाही. शेजारच्या सारावाकमध्ये लाकूडतोड आणि पाम तेलाच्या लागवडीनं डोंगर सोलून निघाले, आणि ब्रुनेईचा सत्तर टक्क्यांहून जास्त भूभाग अजून रानाखाली आहे.

सत्तेचं म्हणाल तर सुलतान हसनल बोल्किया हे २९ वे सुलतान. १९६७ च्या ऑक्टोबरात वडिलांनी गादी सोडली तेव्हा ते २१ वर्षांचे होते. तेव्हापासून तेच. राजे तेच, पंतप्रधान तेच, संरक्षण, अर्थ आणि परराष्ट्र ही खातीही त्यांच्याकडेच. गादी सोडलेल्या वडिलांच्या पदवीवरूनच राजधानीचं नाव १९७० मध्ये सेरी बेगावान झालं. १९६२ मध्ये निवडणूक झाली होती. निवडून द्यायच्या सगळ्या जागा ब्रुनेई पीपल्स पार्टीनं जिंकल्या, डिसेंबरात त्यांच्या माणसांनी बंड केलं, इंग्रजांनी सिंगापूरहून गुरखा पलटणी उतरवून ते काही दिवसांत मोडलं. त्या वेळी पुकारलेली आणीबाणी दर दोन वर्षांनी वाढवत आजवर चालू आहे. गुरखेही राहिले. ब्रिटिश सैन्याची एक गुरखा पलटण सेरियात असते आणि तिचा खर्च सुलतान उचलतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावातल्या वाचकाला हा तपशील विशेष वाटेल : तेलाच्या विहिरींच्या शेजारी नेपाळची पोरं आणि वर ब्रिटिश अधिकारी, २०२० नंतरच्या काळातही. पूर्ण स्वातंत्र्य मिळालं १ जानेवारी १९८४ ला, पण राष्ट्रीय दिन साजरा होतो २३ फेब्रुवारीला.

सुलतानांच्या राजवाड्यात १,७८८ खोल्या आहेत, शिखराला सोनं आहे, मोटारींचा ताफा आहे, हे सगळं मोबाइलवर येतंच. एवढंच सांगतो की रमजान ईदेच्या दिवसांत हा इस्ताना नुरुल इमान सर्वांना खुला असतो. कुणीही रांगेत उभं राहावं, जेवावं, पुरुषांनी सुलतानांशी आणि स्त्रियांनी राणीसाहेबांशी हस्तांदोलन करावं. त्या दिवशी पिवळे कपडे टाळावेत, तो राजघराण्याचा रंग.

पिवळ्या रंगाला तिथे आणखी एक अर्थ आहे आणि ब्रुनेई समजायचा असेल तर राजवाड्यापेक्षा तो महत्त्वाचा. प्रत्येकाच्या खिशात ओळखपत्र असतं. नागरिकाचं पिवळं, कायम रहिवाशाचं लाल, परदेशी कामगाराचं हिरवं. वैयक्तिक प्राप्तिकर कुणालाच नाही. पण पुढच्या सवलती रंगाप्रमाणे बदलतात. पिवळं कार्ड असेल तर शाळा फुकट, सरकारी दवाखान्यात ब्रुनेईच्या एका डॉलरात तपासणी, सरकारी घरकुल योजना, साठीनंतर दरमहा २५० डॉलर पेन्शन. पेट्रोल वर्षानुवर्षं लिटरला ५३ सेंट, डिझेल ३१ सेंट. पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त म्हणा ना. परदेशी नंबरच्या गाडीला मात्र हा भाव नाही. नाहीतर शेजारच्या मलेशियातल्या मिरी शहराची सगळी वाहनं इथेच टाकी भरून गेली असती. डिझेलसाठी कोगनोळीच्या नाक्यापलीकडे भाव बघून गाडी वळवणाऱ्याला हे पटेल.

पिवळं कार्ड मिळणं सोपं नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बऱ्याच चिनी कुटुंबांकडेही ते नाही. जन्म तिथला, दुकान तिथलं, आणि कागदावर कुठल्याच देशाचे नागरिक नाहीत. नागरिकत्वासाठी मलय भाषेची आणि रीतिरिवाजांची परीक्षा द्यावी लागते आणि ती चांगलीच कडक असते.

आपल्याकडून जाणारा माणूस हिरव्या कार्डावर जातो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतला फिटर, वेल्डर, क्रेन चालवणारा यांना गल्फबरोबर अधूनमधून ब्रुनेईचीही जाहिरात दिसते. काम प्रामुख्यानं बेलाइत जिल्ह्यात, सेरिया आणि कुआला बेलाइत इथल्या कंत्राटदारांकडे. पाइप वेल्डरला ६जी चाचणी मागतात, म्हणजे ४५ अंशात बांधलेला पाइप न फिरवता चहूबाजूंनी जोडणं. आपल्याकडे बरेच जण सपाट प्लेटवर तयार झालेले असतात आणि इथेच नापास होतात : खालच्या बाजूला हात पोहोचत नाही, मुळाशी धातू नीट मुरत नाही आणि एक्स-रेमध्ये पोकळी दिसते. समुद्रातल्या फलाटावर काम असेल तर बोसिएट नावाचं सुरक्षा प्रशिक्षण लागतं. त्यात हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात उलटा करतात आणि आतून बाहेर यायचं असतं. पोहता येत नसेल तर आधी शिकून घ्या.

कागदपत्रांची बाजू नीट लक्षात घ्या. भारत सरकारची ईसीआर देशांची (म्हणजे जिथे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते अशा देशांची) जी यादी आहे, सौदी, कुवेत, ओमान, मलेशिया वगैरे, तिच्यात ब्रुनेई नाही. बऱ्याच जणांना ही सोय वाटते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की दहावी न झालेल्या माणसाचा करार सरकारी खात्यानं तपासून मगच सोडायचा, ही चाळणी इथे लागत नाही. तपासायचं ते तुम्हीच. एजंटाचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळा. एजंटानं घ्यायची फी ३० हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त नाही. लाख-दीड लाख मागणारा कुठलाही कागद दाखवत असला तरी उठून या.

तिथल्या मालकाला प्रत्येक परदेशी कामगारासाठी कामगार खात्याचा कोटा-परवाना लागतो आणि तुमचा व्हिसा त्याच मालकाशी बांधलेला असतो. मालक बदलायचा म्हणजे बहुधा परत येऊन पुन्हा जायचं. म्हणून करारावर मालकाचं नाव आणि व्हिसावरचं नाव एकच आहे ना, पदाचं नाव तेच आहे ना, हे विमानात बसायच्या आधी पाहा. करारात वेल्डर आणि व्हिसावर मजूर, ही नेहमीची पाचर. मग पगारही मजुराचा. कायद्यानं आठवड्याला ४४ तास, एक दिवस सुट्टी, जादा तासाला दीडपट, आणि महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत पगार. पगार किती दिवसांनी थकला हे वहीत लिहून ठेवा, तक्रार कामगार खात्याकडेच करायची असते. आपल्या पीएफसारखी भर परदेशी कामगाराला मिळत नाही, त्यामुळे गावाकडे येताना हातात राहील ते तुम्ही वाचवलेलंच. व्हिसा संपल्यावर राहणं हा पोरखेळ नाही. ९० दिवसांच्या वर गेलात तर तुरुंग आणि छडीचे फटके, दोन्ही.

पगाराचा रुपयांत हिशोब सोपा आहे. ब्रुनेईचा डॉलर १९६७ च्या करारापासून सिंगापूरच्या डॉलरला एकास एक बांधलेला आहे. दोन्हीकडच्या नोटा दोन्हीकडे चालतात. त्यामुळे ब्रुनेईचा भाव शोधत बसू नका, सिंगापूरचा बघा. एजंट अमेरिकन डॉलरचा भाव लावून आकडा फुगवून सांगतो, तिथे फसू नका.

नियमांबद्दल थोडं स्पष्ट. शरिया दंडसंहिता २०१४ पासून टप्प्याटप्प्यानं आली, एप्रिल २०१९ मध्ये पूर्ण लागू झाली. जगभर ओरड झाल्यावर फाशी अमलात न आणण्याची आधीची प्रथा याही कायद्याला लागू राहील, असं सुलतानांनी जाहीर केलं. सामान्य पाहुण्याला भिडणारे नियम वेगळे आहेत. दारूची विक्री १९९१ पासून बंद. बिगरमुस्लिम प्रौढाला येताना दोन बाटल्या दारू आणि बिअरचे १२ कॅन आणता येतात, पण कस्टमचा फॉर्म भरून, आणि प्यायची ती चार भिंतींच्या आत. सिगारेटला मात्र सूटच नाही. पहिल्या सिगारेटपासून नगाला ५० सेंट कर, म्हणजे वीसच्या पाकिटाला दहा डॉलर. न सांगता नेली आणि सापडली तर दंड कितीतरी पट. अमली पदार्थांना फाशीपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे विमानतळावर कुणाची पिशवी ‘जरा धरा’ म्हणून हातात घेऊ नका. शुक्रवारी १२ ते २ सगळं बंद, हॉटेलंसुद्धा. सरकारी सुट्टी शुक्रवार आणि रविवार. शनिवारी कचेऱ्या चालू. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणं-पिणं परधर्मीयांनाही गुन्हा. हॉटेलवाले बांधून देतात, खोलीत नेऊन खायचं. बोटानं माणसाकडे दाखवू नये. उजव्या हाताची मूठ करून अंगठ्यानं दाखवतात.

जेवणात सगळ्यात स्वस्त नासी कातोक : भात, तळलेल्या कोंबडीचा तुकडा आणि तिखट सांबल, कागदात बांधून, मुळात एक डॉलर. शाकाहारी माणसानं त्या सांबलापासून सावध राहावं. त्यात बेलाचान म्हणजे वाळवलेल्या जवळ्याची गोळी असते आणि ती दिसत नाही. पालेभाजीही त्यातच परततात. ‘तान्पा बेलाचान’ एवढं म्हटलं तर काम भागतं. लिंगायत, जैन मंडळींनी गादोंग आणि कुआला बेलाइतमधली तमिळ हॉटेलं शोधावीत, डोसा मिळतो.

खास पदार्थ अंबुयात. सागो नावाच्या ताडाचं खोड फोडून आतला गर किसतात, पाण्यात धुऊन खाली बसलेलं सत्त्व घेतात. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तो वेगळा. हे सत्त्व थोड्या पाण्यात भिजवून वरचं पाणी ओतून टाकायचं आणि मग खळखळ उकळतं पाणी एकदम ओतून भराभर ढवळायचं. पाणी जरा कोमट असलं की ते पांढरंच राहतं, गुठळ्या होतात आणि डाव फसतो. जमलं तर काचेसारखं पारदर्शक, पतंगाच्या खळीसारखं चिकट होतं. चांदास नावाच्या बांबूच्या दुबेळक्या काडीला गुंडाळायचं, आंबट-तिखट कालवणात बुडवायचं आणि न चावता गिळायचं. चावलंत तर दाताला बसतं. स्वतःची चव जवळजवळ नाही. सगळी मजा कालवणाची, विशेषतः आंबवलेल्या डुरियन फळाच्या.

बघायला वेळ असेल तर कामपोंग आयर, नदीत खांबांवर उभं असलेलं गाव, चुकवू नका. १५२१ मध्ये मॅगेलनच्या ताफ्यातला बखरकार पिगाफेट्टा इथे आला तेव्हाही गाव पाण्यावरच होतं. आज तिथे शाळा आहेत, मशिदी आहेत, पेट्रोल पंपसुद्धा पाण्यावर. धक्क्यावर उभं राहून हात केला की होडी येते, पलीकडे जायला एक डॉलर, उतरताना द्यायचा. लांब नाकाची माकडं बघायला खारफुटीत जायचं असेल तर भाव आधी ठरवा आणि ऊन उतरल्यावर निघा. दुपारी ती आत सावलीला असतात. लाकडी पायवाटांना बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि जुन्या फळ्या कुजलेल्या असतात. खिळ्यांच्या रांगेवरून चाला, खाली आडवं लाकूड तिथेच असतं.

जायचं कसं? नोव्हेंबर २०२४ पासून रॉयल ब्रुनेईनं चेन्नईहून थेट विमान सुरू केलं. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरू गाठून पुढे चेन्नई, हा त्यातल्या त्यात सरळ रस्ता. नाहीतर बेंगळुरूहून सिंगापूर किंवा क्वालालंपूर आणि तिथून दोन-सव्वादोन तास. व्हिसाचा नियम निघण्याआधी ब्रुनेईच्या उच्चायुक्तालयाकडूनच पक्का करा, मलेशियावरून रस्त्यानं शिरणार असाल तर दोन्ही देशांचा. घड्याळ अडीच तास पुढे करा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, पण बस कमी. भाड्याच्या गाडीसाठी तिथलं डार्ट अ‍ॅप उतरवून घ्या. प्लगच्या पिना चौकोनी, तीन. पाऊस बारमाही, आणि ऑक्टोबर ते जानेवारी जास्तच, तेव्हा छत्री सामानाच्या तळाशी ठेवू नका. रुग्णवाहिका ९९१, पोलीस ९९३, अग्निशमन ९९५.